बारापर्यंतच्या तारखा

न्यू ब्रन्सविकच्या उत्तर टोकाला, पॉइंट-ला-रोशमध्ये,
दफनभूमी दोन आणि मधे एक कुंपण.
अलीकडचे फ्रेंच बोलणारे आधी दिवस लिहीत,
पलीकडचे इंग्रज आधी महिना.
शंभर वर्षं कुणाचं काही अडलं नाही,
मेलेले आपापल्या बाजूला होते.

मग नगरपालिकेने दोन्ही वह्या एकाच तक्त्यात ओतल्या.
चौथा रकाना : दफनाची तारीख. प्रकार : मजकूर.
बाजू कुठली हे सांगणारा रकाना
जागा वाचवायला कुणीतरी काढून टाकला.
मूळ वह्या तळघराच्या पुरात गेल्या.
नावावरून ओळखावं तर सोयरिकी कुंपण ओलांडून झालेल्या.

मी ओडिल थेरिओ. करारावर, सहा आठवडे.
पहिल्या दिवशी म्हटलं, क्रमाने लाव,
तर १०/२/१९५४ येऊन बसला ९/३/१९०८ च्या आधी,
कारण एक हा नऊच्या आधी येतो,
यंत्राला एवढंच दिसतं.

तेरा अशुभ, असं मला लहानपणी शिकवलेलं.
इथे तेराच काय ते खरं बोलतात.
२३/११ मध्ये तेविसावा महिना नसतो, म्हणून तो दिवसच;
३/१३ मध्ये तेरावा महिना नसतो, म्हणून तो मार्च.
ज्यांचे तीनतेरा वाजले ते वाचले.
बाकीचे, बारापर्यंतचे, गेले बाराच्या भावात :
चारशे अठरा माणसं,
प्रत्येकाला पुरण्याचे दिवस दोन दोन.
(०७/०७ ला पुरलेल्यांचे मी मनापासून आभार मानते.)

सर्व्हरची भाषा इंग्रजी ठेवली
तर ०९/०८ चा सेवरीन पेटिपा सप्टेंबरात जमिनीत जातो,
फ्रेंच ठेवली तर ऑगस्टात.
क्वेरी दोन्ही वेळा चालते.
लाल अक्षर नाही, घंटा नाही.
चुकलेली तारीखही तारीखच असते,
तिच्या अंगावर काही दिसत नाही.

तिसऱ्या आठवड्यात तेओफिल सावोआ आला,
चाळीस वर्षं खड्डे खणलेला, आता निवृत्त,
ऑफिसात फुकट कॉफी मिळते म्हणून येणारा.
खांद्यावरून वाकून म्हणाला,
"०५/०२? फेब्रुवारी म्हणतेस?
फेब्रुवारीत इथे कुदळ वाजते, शिरत नाही.
हिवाळ्यात मेलेले दगडी खोलीत थांबतात,
जमीन सुटेपर्यंत."

म्हणून लिहिलं :
जिथे एक अर्थ डिसेंबर ते एप्रिलमध्ये पडतो
आणि दुसरा पडत नाही,
तिथे दुसरा घे.
एकशे नव्वद ओळी एका दमात सुटल्या.
मी पुस्तिका चाळत बसले होते,
आणि उत्तर बाजूच्या खुर्चीत कॉफी फुंकत होतं.

उरलेल्यांसाठी डॉक्टरांची बिलं,
मेणबत्त्यांचे हिशेब, सुताराची उधारी.
सगळं नव्या रकान्यात, एकाच रीतीने :
आधी वर्ष, मग महिना, मग दिवस,
लांबून येणाऱ्यासारखं,
आधी डोंगर दिसावा, मग गाव, मग दार.

शेवटी एकच ओळ राहिली.
०६/०७/१९६१. एमेलीन. वय अकरा दिवस.
जून सात की जुलै सहा?
जमीन दोन्हीकडे मऊ.
लाकडी खूण कधीच कुजली.

तेओफिलने बराच वेळ काही म्हटलं नाही.
"मी दहा वर्षांचा होतो. वडील खणत होते.
मला पाइप पेटवून धरायला दिला होता,
धूर करायला.
काळ्या माश्या होत्या. डोळ्यांत, कानांत.
जुलैत त्या उरत नाहीत...
बहुतेक उरत नाहीत."

रकान्यात 'बहुतेक' बसत नाही. करून पाहिलं.
त्याने ते नाकारलं,
या कामातली पहिलीच लाल ओळ.
मी १९६१-०६-०७ लिहिलं,
आणि शेजारी, शेरा या रकान्यात,
जिथे आजवर कुणीच काही लिहिलं नव्हतं :
माश्या होत्या. सांगणारा, ते. सावोआ.